लष्करी ट्रक घ्यायचा, पण कोणत्या वाटेसाठी?

गॅरेजच्या दारातून : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : नमस्कार काका. मी कुडाळ तालुक्यातला. आमची घरची चिरेखाण आहे. भाड्याच्या सहाचाकी ट्रकांनी चिरे जातात, निम्मे आमच्याच जिल्ह्यात आणि निम्मे गोव्यात, पेडणे-म्हापशाकडे. खाणीपासून डांबरी रस्त्यापर्यंत दीड किलोमीटरची कच्ची वाट आहे आणि तिच्यात एक उभा चढ. भाड्याचे ट्रकवाले त्या चढाला कुरकुरतात, ऑक्टोबरात तर यायलाच तयार होत नाहीत. एका व्यापाऱ्याकडे मिलिटरीतून निघालेला स्टॅलियन ट्रक आहे. फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद), ४२ हजार किलोमीटर चाललेला, टायर नव्यासारखे. साडेसहा लाख सांगतो. डिलिव्हरी ऑर्डर दाखवली आणि ‘बाकीचे कागद महिन्याभरात करून देतो’ म्हणाला. नंबरप्लेटवर बाण आणि त्यापुढे ०९ आहे. दिवसाला तीन खेपा झाल्या तरी दोन वर्षांत पैसे वसूल होतील असा माझा हिशेब आहे. घ्यावा का?

उत्तर : भाऊ, या गाड्यांच्या पोटाखाली माझं निम्मं आयुष्य गेलं आहे. ईएमईत, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, व्हेइकल मेकॅनिक म्हणून बावीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी शक्तिमान ट्रकच्या आणि पुढे स्टॅलियनच्या सोबतीनं. त्यामुळे मिलिटरी ट्रकला नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही. तरीही तुम्ही लिहिलेल्या व्यवहारात, तुम्ही लिहिलेल्या कामासाठी, ही गाडी घेऊ नका. का ते सविस्तर सांगतो, कारण असा प्रश्न विचारणारं यंदाचं हे चौथं पत्र आहे.

आधी नंबरप्लेट. बाणापुढचे दोन आकडे म्हणजे गाडी लष्करात दाखल झाल्याचं साल. तुमची गाडी २००९ची, म्हणजे पंधरा वर्षं उलटली. आता ४२ हजार किलोमीटरचं बघू. व्यापारी खोटं बोलत असेल असं नाही, मिलिटरी गाडी चालतेच कमी. पण ती उभी राहून झिजते. लडाखच्या थंडीत सकाळी इंजिन तासन्‌तास नुसतं चालू ठेवावं लागतं, आणि त्या तासांची नोंद किलोमीटरच्या काट्यावर होत नाही. आणि रबराला तर किलोमीटर कळतच नाहीत, त्याला फक्त वर्षं कळतात. ब्रेकची रबरं, होसपाइप, ऑइल सील, डायफ्रॅम, सगळं पंधरा वर्षांचं. टायर ‘नव्यासारखे’ आहेत म्हणता ना? टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ३१११ दिसलं तर तो टायर २०११च्या ऑगस्टचा. नक्षी कितीही खोल असू दे, नखानं दाबून बघा, बगलेला कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा दिसतील. असा टायर भरल्या गाडीला चढावर फुटला तर काय होतं ते मी पाहिलं आहे.

पण यंत्राचं दुखणं पैसे घातले की बरं होतं. कागदाचं दुखणं तसं नाही, म्हणून यंत्राआधी कागद.

लष्कराच्या गाडीची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली लष्कराचंच खातं करतं, आरटीओचा तिथं संबंध नसतो. गाडी लष्कराच्या मालकीतून बाहेर पडली की तिला कलम ३९ आणि ४० लागू होतात. म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर चाक फिरवायचं तर आरटीओकडे नव्यानं नोंदणी हवी. त्या नोंदणीसाठी नियम ४७ प्रमाणे, माजी लष्करी वाहन असेल तर संबंधित अधिकाऱ्यांनी दिलेलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं, फॉर्म २१ मधलं. झेरॉक्स नाही, मूळ. तुमच्या व्यापाऱ्यानं दाखवली ती डिलिव्हरी ऑर्डर. तिचा अर्थ एवढाच की पैसे भरलेत, डेपोच्या गेटातून माल बाहेर न्यायला हरकत नाही. तो माल ‘गाडी’ म्हणून विकला की ‘लोखंड’ म्हणून, हे त्या कागदावरून ठरत नाही. ते लिलावाच्या अटींत लिहिलेलं असतं.

आणि तिथंच आता मोठी गाठ आहे. केंद्राच्या १६ जानेवारी २०२३च्या अधिसूचनेनं १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी संपते आणि ती नोंदणीकृत भंगार केंद्रातच मोडीत काढायची असतात. संरक्षणाच्या मोहिमांसाठी लागणाऱ्या खास वाहनांना सूट आहे, पण ती सूट लष्करासाठी आहे, लष्कराकडून विकत घेणाऱ्यासाठी नाही. म्हणून व्यापाऱ्याला सरळ विचारा की कोणता लिलाव, कोणता लॉट, अटी काय होत्या. हे लिलाव बहुतेक एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या मार्फत होतात आणि प्रत्येक लॉटच्या अटी छापील असतात. लॉट फक्त भंगार केंद्रांसाठी असेल, तर महिन्याभरात काय, जन्मात त्या गाडीचं आरसी बुक होणार नाही. अटी त्याच्याकडे नाहीतच म्हणाला तर तिथून परत फिरा.

एक गोष्ट नव्या लोकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे इंजिन नंबर. आमच्याकडे बेस वर्कशॉपमध्ये गाडी ओव्हरहॉलला आली की तिचं इंजिन उतरवून एकीकडे जायचं आणि तिला दुसरं तयार इंजिन बसायचं. कामाच्या सोयीसाठी ते बरोबरच होतं. पण पुढे तीच गाडी लिलावात निघते आणि कागदावर एक इंजिन नंबर, ब्लॉकवर दुसरा. आरटीओचा निरीक्षक ती नोंदणी तिथंच थांबवतो. तेव्हा चिंधीला डिझेल लावून ब्लॉकवरचा नंबर स्वतः पुसून वाचा. चासीचा नंबरही तसाच. रंगाखाली दडलेला असतो.

समजा सगळे कागद चोख निघाले. तरी तुमचं काम ही गाडी करेल का?

मिलिटरी ट्रक कशासाठी बांधतात ते बघा. थोडं वजन, पण जिथं वाट नाही तिथं न्यायचं. स्टॅलियनला आम्ही पाच टनी म्हणायचो. पक्क्या रस्त्यावर साडेसात. चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा, पुढचा जड अ‍ॅक्सल, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी), उंच चासी, हे सगळं वजन गाडी रिकामी असतानाही वाहून नेते. धंद्याचा ट्रक उलट. स्वतः हलका, पोटात जास्त. दोन अ‍ॅक्सलच्या नेहमीच्या सहाचाकीला २०१८च्या जुलैपासून गाडीसकट साडेअठरा टनांपर्यंत मुभा आहे, आधी ती १६.२ होती. ती मिळते मागच्या जोड टायरांमुळे. चार टायर असलेल्या मागच्या अ‍ॅक्सलला साडेअकरा टन धरतात. स्टॅलियनला मागं एका बाजूला एकच टायर आहे, चिखलात तो पुढच्या टायरच्याच चाकोरीतून जावा म्हणून. चिखलासाठी ते उत्तम. पण अशा अ‍ॅक्सलला कायद्यानं वजन बरंच कमी मिळतं. ‘गाडी मजबूत आहे, ओढेल’ हे खरं आहे, ओढेलच. पण वजनकाट्यावर गाडीची मजबुती बघत नाहीत, आरसीवरचा आकडा बघतात. कलम १९४ खाली जादा वजनाला वीस हजार दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार.

आता चिऱ्यात मोजू. चौदा बाय नऊ बाय सातचा चिरा सरासरी तीस किलोचा धरा. पाच टनात एकशे साठ-पासष्ट बसतात, साडेसात टन पकडले तरी अडीचशे. तुमचे भाड्याचे सहाचाकीवाले एका खेपेला किती नेतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तुमच्या तीन खेपा म्हणजे त्यांच्या दोनसुद्धा होत नाहीत. त्यात भरणारे गडी. स्टॅलियनचा हौदा जवळपास छातीएवढा उंच येतो. तीस किलोचा चिरा कमरेपर्यंत उचलणं वेगळं आणि छातीपर्यंत वेगळं, तेही दिवसभर उन्हात. गडी दर वाढवून मागतील आणि त्यांचं बरोबर असेल.

गोव्याचं तर अवघडच आहे. पेडण्याला माल द्यायचा म्हणजे राज्य ओलांडायचं, नॅशनल परमिट हवं. दोन अ‍ॅक्सलच्या मालगाडीला बारा वर्षांनंतर ते मिळत नाही. तुमचा निम्मा धंदा तिथंच बंद झाला. शिवाय आठ वर्षांवरच्या गाडीला फिटनेस दरवर्षी, आपल्या राज्यात पर्यावरण कर वेगळा, आणि गौण खनिजाच्या वाहतूक पासावर गाडीचा नंबर लागतो. नंबर नसलेल्या गाडीला पासच नाही. आणि हो, रंग. ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कुणाला लावता येत नाही, नियम १२१. तो आधी खरवडून काढावा लागतो. पुष्कळ जण शानीसाठी तसाच ठेवतात आणि नाक्यावर अडकतात.

आता माझा स्वतःचा अनुभव. निवृत्त झाल्यावर २०००च्या सुमारास मी आणि माझ्या मावसभावानं मिळून एक शक्तिमान घेतला होता. जबलपूरला, आधी गन कॅरेज फॅक्टरीत आणि पुढे व्हेइकल फॅक्टरीत, १९५९ पासून १९९६ पर्यंत बनत होती ही गाडी, जर्मन मानच्या परवान्यावर. कागद सगळे पक्के. आम्ही चंदगडकडे उसाला लावली. पहिल्या महिन्यात कळलं की कारखान्यापर्यंत ऊस न्यायला ती परवडत नाही. लिटरला तीन-सव्वातीन किलोमीटर, आणि मोळ्या साध्या ट्रकच्या मानानं कमी. मावसभाऊ रडकुंडीला आला. मग नोव्हेंबरात अवेळी पाऊस झाला. लाल चिखलात दोन दिवस उसाच्या गाड्या फडातच रुतून बसल्या, आणि आमच्या दारात पहाटे चार वाजता माणसं उभी. साखळी लावायची, लो गिअर टाकायचा आणि भरली गाडी फडातून रस्त्याला आणून सोडायची. त्या आठवड्यात आम्ही ओढायच्या कामावर जेवढं कमावलं, तेवढं त्या अख्ख्या महिन्यात वाहतुकीवर कमावलं नव्हतं. तिथून पुढे आम्ही तिला रस्त्यावर मालाला लावलीच नाही. फडातून रस्त्यापर्यंत, एवढंच तिचं काम. चार हंगाम केलं.

आणि तिचा शेवट कशानं झाला? आमच्या नवीन ड्रायव्हरनं फडातून बाहेर पडल्यावर पुढच्या अ‍ॅक्सलचा दांडा सोडवलाच नाही. डांबरी रस्त्यावर चारही चाकं जोडलेली ठेवून तीस किलोमीटर चालवली. चिखलात चाक घसरून ताण सुटतो, डांबरावर घसरायला जागा नसते. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, तो फरक सगळा शाफ्टवर आणि ट्रान्सफर केसवर पिळा होऊन बसतो. मी गॅरेजात होतो. लांबूनच आवाज ऐकला, फरशीवर लोखंडी पहार आपटावी तसा. केस उघडली तर ऑइलबरोबर दाताचे तुकडे बाहेर आले, एक तर अंगठ्याच्या नखाएवढा. तसा गिअर मिळवायला सात आठवडे गेले, आणि तोवर हंगाम संपला. चूक त्या पोराची नव्हती. त्याला दांड्याचं काम शिकवायला हवं होतं ते मी, आणि मी गाडीची चावी देताना फक्त ब्रेक सांगितले. फौजेत एवढा एक धडा दिल्याशिवाय आम्ही कुणाच्या हातात गाडी देत नव्हतो.

म्हणून भाऊ, तुमच्याबाबतीत प्रश्न फक्त त्या दीड किलोमीटरचा आहे. आणि त्यातही एका चढाचा. पावसाळ्यात खाणीत पाणी भरलं की काम तसंही बंद. डिसेंबर ते मे तुमचा कातळ दगडासारखा कोरडा असतो, तिथं फोर बाय फोरची गरज काय? अडचण राहते ऑक्टोबर-नोव्हेंबरची आणि वळवाच्या पावसाची. त्यासाठी साडेसहा लाख आणि वर दोन लाखांची दुरुस्ती घालण्यापेक्षा तो चढ कापून घ्या. जेसीबी लावून उतार लांबवा, कडेला गटार मारा, खाणीतलाच तुटका जांभा आणि मुरूम टाकून रोलर फिरवा. वाट तुमच्या जमिनीतून नसेल तर शेजाऱ्याशी बोलून घ्या, त्यालाही काजू बाहेर काढायला हवीच असेल. मग भाड्याचे ट्रक स्वतःहून येतील.

आणि चढ कापणं खरंच शक्य नसेल, तर कागद असलेली, कमी वयाची फोर बाय फोर गाडी फक्त खाण ते डांबरी रस्ता या फेऱ्यांसाठी वापरा. डांबरी रस्त्याजवळ चिऱ्यांचा साठा करा, तिथून गोव्याची गाडी भरा. तेव्हा घेताना एवढं करा. मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलच्या गोळ्याखालचा प्लग थोडा ढिला करून ऑइल बोटावर घ्या. मिलिटरी गाडीत तो गोळा पांढरा रंगवलेला असतो, रात्रीच्या काफिल्यात दिवे मालवून जाताना मागच्याला पुढची गाडी दिसावी म्हणून, त्यामुळे शोधावा लागणार नाही. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलं आहे, नदीनाल्यातून गेलेली गाडी आहे ती. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून, पुढचा अ‍ॅक्सल जोडून, मऊ जमिनीवर सावकाश गोल फिरवा. चाकाच्या आतून टक्‌ टक्‌ आलं तर जॉइंट गेलेत. ही दोन कामं गिऱ्हाईक करत नाही हे व्यापाऱ्याला माहीत असतं.

प्रश्न : जुन्नरकडे माझी टोमॅटोची शेती आहे. नारायणगावच्या बाजारात माल न्यायला मिलिटरीची एक टनी निस्सान स्वस्तात मिळते आहे. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवावं का?

उत्तर : नको. त्या निस्सानचं पेट्रोल इंजिन जवळपास चार लिटरचं, ते तुम्हाला परवडणार नाही हे उघड आहे. डिझेल बसवायचं तर कलम ५२ प्रमाणे आरटीओची आधी परवानगी हवी, आणि एवढ्या जुन्या गाडीला ती मिळवणं म्हणजे चकरा. बरं, मिळाली तरी गाडी एक टनाचीच राहते आणि तिचे स्प्रिंग मालापेक्षा खड्ड्यांचा विचार करून बसवलेले आहेत. रिकामी किंवा अर्धी भरली की उडते. वरच्या क्रेटमधला टोमॅटो बाजारात पोचेपर्यंत खालच्याच्या अंगावर. साधी पिकअप घ्या, हप्त्यानं मिळेल. लिलावातल्या गाडीला बँक सहसा कर्ज देत नाही.

प्रश्न : माझ्या यजमानांनी भागीदारीत मिलिटरीचा ट्रक घेतला होता, बोअरचं सामान वाहायला. आरसी झालंच नाही. गेल्या वर्षी ते गेले. भागीदार म्हणतो, ट्रक तुमच्या दारात आहे, तुम्ही बघा. एक जण स्टॅम्पपेपरवर लिहून घेऊन लगेच न्यायला तयार आहे. देऊन टाकू का? (गडहिंग्लज तालुक्यातील भगिनी)

उत्तर : ताई, स्टॅम्पपेपरवर देऊ नका. ज्या गाडीला आरसी नाही, ती उद्या कुणी रस्त्यावर काढली आणि अपघात झाला, तर विमा नाही, परमिट नाही, आणि माग काढत पोलीस तुमच्याच दाराशी येणार. पैशाची गरज असेल हे मी समजू शकतो, पण हे पैसे नको.

यजमानांची कागदपत्रं एका जागी काढा. लिलावाचं विक्रीपत्र, पैसे भरल्याची पावती, डिलिव्हरी ऑर्डर, आणि असलाच तर फॉर्म २१. कुणाच्या नावावर काय आहे ते बघा. भागीदाराचं नाव कुठंही असेल तर हे ओझं एकट्या तुमचं नाही, हे त्याला लेखी कळवा. फॉर्म २१ यजमानांच्या नावानं मिळाला तर वारस म्हणून आरटीओत विचारता येईल, पण मला वाटतं तुम्ही त्या चकरांत पडू नये. ट्रक नोंदणीकृत भंगार केंद्राला द्या. ते मालकीचे कागद बघून घेतात, पैसे खात्यात देतात आणि गाडी घेतल्याचं प्रमाणपत्र देतात. ते प्रमाणपत्र जपून ठेवा, गाडी तुमच्या हातून कुठं गेली याचा तोच पुरावा. भाव कमी वाटेल, तरी दोन केंद्रांना विचारा. या गाड्यांत लोखंड भरपूर असतं.

तोवर बॅटरीच्या तारा सोडवून ठेवा, टाकीतलं डिझेल जाणत्या माणसाकडून काढून घ्या, चाकांखाली दगडाच्या उटी लावा, आणि मुलांना हौद्यात खेळू देऊ नका. बाजूचा फाळका खिळखिळा झालेला असतो, हातावर पडतो. केंद्राचा माणूस येण्याआधी चासीवरचा नंबर उतरवून घ्या. पुढच्या चाकाजवळ, आडव्या लोखंडी पट्टीवर कोरलेला असतो. वरची माती पुसा, त्यावर पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हातानं घासा. आकडे आपोआप कागदावर उठतील. तो कागद आणि डिलिव्हरी ऑर्डरची झेरॉक्स मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. नंबर जुळतो की नाही ते मी बघून कळवतो.